येतो म्हणायचं नाही

१

रोज सकाळी साडेसातला मी घराला कुलूप लावतो आणि बंद दाराला सांगतो, "येतो गं."

आत कोणी नसतं. सुलक्षणाला जाऊन चौदा महिने झाले. पण दीपनगरच्या वीज केंद्रात मी तेहतीस वर्षं तिन्ही पाळ्या केल्या आणि एवढ्या वर्षांत बायकोला हे सांगितल्याशिवाय एकदाही उंबरा ओलांडला नाही. स्वयंपाकघरातून तिचं "हं" यायचं. लवकर या नाही, सांभाळून जा नाही, नुसतं "हं". भाकरी थापत असली तर हात न थांबवता. आता "येतो गं" म्हटलं की आतून फक्त फ्रीजची घरघर ऐकू येते. फार वाईट वाटतं, तरी म्हणायचं काही सुटत नाही.

मी कंट्रोल रूममधला माणूस. आवाज बदलला की आधी नोंद करायची, मग कारण शोधायचं, आणि कारण सापडेपर्यंत घाबरायचं नाही, ही आमची शिकवण. भुतंखेतं, नजर, बाहेरचं, असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. सुलक्षणा लिंबू-मिरची बांधायची तेव्हा मी तिची टिंगल करायचो.

पुण्याहून नूतन, आमची एकुलती एक मुलगी, रोज फोन करते. त्या आठवड्यात ती इरेला पेटली होती. "बाबा, आता बास झालं. भुसावळचं घर बंद करा आणि कायमचे इकडे या. शनिवारपर्यंत हो की नाही सांगा, मला तुमची खोली रंगवून घ्यायचीय." मी "बघतो" म्हणालो. आमच्या घरात 'बघतो' म्हणजे 'नाही' हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

आणि त्याच बुधवारी सहल ठरली होती. आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर पंडितने टाकलं होतं: सावळनेर दर्शन, तटबंदी, बारव, सराय, सोबत माहितगार गाइड, दुपारी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. चौदा जणांनी अंगठे दाखवले होते. सकाळी भुसावळच्या स्टँडवर पाहतो तर मी एकटा. पंडितला फोन लावला तर त्याच्याकडे व्याही आलेले. "तू जाऊन ये ना यार, गाइडला सांगून ठेवलंय," असं म्हणून त्याने फोन ठेवला. परत फिरलो असतो तर मघाशी लावलेलं कुलूप पुन्हा उघडावं लागलं असतं. म्हणून बसमध्ये चढलो.

२

सावळनेर चोपड्याच्या पुढे, तापीच्या काठी. गावाला अजून तट आहे, आणि एस.टी. वेशीच्या बाहेरच सोडते. वेशीच्या सावलीत गाइड उभा होता. सत्तरीचा, शिडशिडीत, पांढरी टोपी आणि गळ्यात घरी लॅमिनेट केलेलं ओळखपत्र: झुलाल, गाइड. पूर्वी शाळेत शिपाई होते म्हणाले.

झुलालआबांच्या दोन भाषा होत्या. एक पाठ केलेली. "प्रस्तुत वेस ही प्राचीन असून तिची उंची अदमासे बत्तीस फूट आहे." आणि दुसरी लगेच तिच्या पाठीवर, "पानी पी ल्या साहेब, ऊन भलतं शे." मला अहिराणी बोलता येत नाही, कळते सगळी.

"बाकीना लोके कोठे शेतस?" त्यांनी माझ्यामागे पाहत विचारलं.

"मी एकटाच आलोय."

"एकलाच?" ते पुन्हा म्हणाले. त्यांना ते आवडलं नसावं. पण मी असा लांबून आलेला, त्यामुळे निघाले.

तट पाहिला, बुरूज पाहिला. बारवेच्या पायऱ्या उतरून हिरवं पाणी पाहिलं, खंड्या पाहिला. बारवेतून वर आल्यावर आबांनी वळून खाली पाहिलं आणि मोकळ्या पायऱ्यांना म्हणाले, "जास," म्हणजे जातो. बुरुजावरून उतरतानाही तेच केलं होतं, आता लक्षात आलं.

"आबा, कोणाला सांगता?" मी थट्टेने विचारलं.

"सवय शे," ते म्हणाले.

मग चहाच्या टपरीवर बसलो. बाजूचा माणूस कप ठेवून उठला. "जास रे." टपरीवाला म्हणाला, "जाय." मी कपातून तोंड काढून पाहिलं. आपल्याकडे घरातून कोपऱ्यावर दूध आणायला निघालेला माणूससुद्धा 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हटलं म्हणून मी लहानपणी आईची चापट खाल्ली आहे. जातो म्हणायचं ते जो परत यायचा नाही त्याने, आणि त्याला तर बोलताही येत नसतं.

पुढच्या गल्लीत एक बाई मुलीला दारातून निरोप देत होती. मुलीच्या पाठीवर कॉलेजची बॅग होती. "जास माय." "जाय." आईने लगेच दार लावून घेतलं, मुलीनेही मागे पाहिलं नाही. कोणी रागावलेलं नव्हतं, रोजचंच दिसत होतं.

आम्ही तीन वेळा तेच रीडिंग आलं की नोंदवहीत लिहायचो. मी विचारलं, "आबा, तुमच्या गावात येतो म्हणत नाहीत का?"

"वेसना भाईर म्हनतस."

"आणि आत?"

"आत नई म्हनतस."

"का बरं?"

"प्रस्तुत तटबंदीची एकूण लांबी सव्वा मैल असून," आबा म्हणाले आणि भराभर चालू लागले. दहा-बारा पावलं गेल्यावर थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, तुम्ही काई म्हनूच नका. गुपचूप निंघानं."

मला हसू आलं. प्रत्येक गावाचं काही ना काही असतं, म्हटलं.

३

सराय गावाच्या टोकाला. बऱ्हाणपूरहून सुरतेला जाणारे व्यापारी इथे मुक्काम करायचे, हे आबांनी पाठ केलेल्या भाषेत सांगितलं. मधे मोठं अंगण, चारी बाजूंनी चोवीस खोल्या. दारं केव्हाच गेलेली. खोल्यांत शेळ्यांच्या लेंड्या, कबुतरांची विष्ठा, कोपऱ्यात कोणीतरी रचून ठेवलेल्या तुरीच्या काड्या. दुपारचे अडीच वाजले होते. अंगणात आम्ही दोघंच होतो, आणि आमच्या चपलांचा आवाज समोरच्या भिंतीवरून परत येत होता.

फक्त कोपऱ्यातल्या एका खोलीला दार होतं. उंच, उंटावरचं सामान आत घ्यायच्या काळातलं, एकाच फळीचं. त्यापुढची जागा झाडून वर पाणी शिंपडलेलं होतं.

"इथे कोण राहतं?"

"कोनी नई."

"मग झाडतं कोण?"

"मी," आबा म्हणाले. ते खोलीपासून चार हात लांबच थांबले होते. "दखी ल्या. पन लवकर."

मी दार ढकललं. आत गारवा होता. मागच्या भिंतीत आणखी एक दार, अर्धवट उघडं, पलीकडे अंधार. खोलीत काहीच सामान नव्हतं. उंबऱ्याच्या आत, उजव्या हाताला, पायताणं मांडलेली होती. एका ओळीत, अकरा जोड. कडक होऊन वळलेले जुने जोडे, वाळक्या वादीच्या वहाणा, बायकांच्या सँडल, रबरी स्लिपरचा एक जोड, टायरच्या चपला, अगदी अलीकडचे कॅनव्हासचे बूट. आपण कोणाकडे गेलो की काढून आत शिरतो तशी, सगळ्यांची तोंडं आतल्या दाराकडे.

"ही कोणाची?" मी मागे वळून विचारलं.

आबा टायरच्या चपलांकडे बोट करून म्हणाले, "त्या प्रेमराजन्या. मना धाकला भाऊ."

"कुठे असतात ते?"

"येस म्हनीसन गया व्हता."

"येतो म्हणून गेले?" मी विचारलं. "मग परत आलेच नाहीत?"

"उना ना," आबा म्हणाले. "चपला देखातस ना तुमले."

आला म्हणे, चपला दिसतायत ना. मला राग आला. एकट्या म्हाताऱ्या प्रवाशाला घाबरवायचा धंदा, असं वाटलं. "मग लोकांना दाखवता कशाला?"

"नई दाखाडं तं लोके एकलाच येतस," ते म्हणाले. "चाला आते." आणि खोलीकडे तोंड करून तीनदा मोठ्याने "जास, जास, जास" म्हणून ते अंगणात चालायला लागले.

मी निघणार तेवढ्यात आतून आवाज आला. थप, थप, थप, थप.

कबुतरं, मी मनात म्हटलं. बंद खोलीत कबुतराने पंख झटकले की असाच आवाज येतो. मी नीट ऐकलं. थप, थप, थप. सोबत तापलेल्या तव्याचा वास येत होता, तोही बाहेरून गल्लीतून येत असणार, जेवणाची वेळ होती. एवढी सगळी कारणं माझ्याजवळ होती आणि तरी मी उंबऱ्यात उभा राहिलो. त्या आवाजाने माझं मन भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. चौदा महिन्यांत तो आवाज मी ऐकला नव्हता.

मग मी बाहेर आलो. उघडं दार तसंच टाकून निघणं माझ्या स्वभावात नाही. कडी धरून दार ओढलं, आणि ओढता ओढता, तेहतीस वर्षं ओढत आलो तसं, तोंडातून निघून गेलं,

"येतो गं."

दार मिटायला चार बोटं राहिली असताना आतून कडेवर एक हात दिसला. हात नाही, नुसती चार बोटं, दुसऱ्या पेरापर्यंत पिठाने पांढरी. निरोप द्यायला आलेलं माणूस दाराला धरून उभं राहतं, तशी. मग दार चौकटीला लागलं आणि आतून आवाज आला.

"हं."

४

"काय म्हनात?" आबा अंगणातून धावत आले. सत्तरीचा माणूस धावताना मी खूप दिवसांनी पाहिला. "साहेब, काय म्हनात तुम्ही?"

"सवयीने गेलं तोंडातून."

"म्हना, जातो म्हना. तीनदाव. मोठ्यानं." त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला दाराकडे वळवलं. "म्हना ना भाऊ!"

आणि मला म्हणता येईना.

का ते सांगायला हवं. सुलक्षणा भुसावळातच दवाखान्यात होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, मी दोन दिवसांचा जागा. सकाळी नऊ वाजता तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "आंघोळ करून तासाभरात येतो गं." ती मास्कमधूनच "हं" म्हणाली. घरी येऊन मोजे काढायला खाटेवर बसलो. डोळे उघडले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि फोनवर एकोणीस कॉल आलेले होते. ती पावणेबाराला गेली. नर्स नंतर म्हणाली, काका, त्या सारख्या दाराकडे बघत होत्या. हे मी नूतनला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी बाहेर औषधं आणायला गेलो होतो.

तर असा माणूस "हं" म्हणणाऱ्या दाराला 'जातो' कसं म्हणणार?

मी दाराकडे तोंड केलं, ओठ हलवले. आवाज काढला नाही.

"म्हनात?" आबांनी विचारलं.

"म्हणालो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते माझ्यासाठी होतं की प्रेमराजसाठी, मला कळलं नाही. वेशीपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. भरीत खायचं राहिलंच. वेशीबाहेर एस.टी. उभी होती. त्यांनी माझा नंबर लिहून घेतला आणि म्हणाले, "जा साहेब. जा. आते मागे देखू नका."

बस सुटेपर्यंत ते वेशीत आडवे उभे होते.

५

गुरुवारी सकाळी मी चहा करत असताना तो आवाज सुरू झाला. थप, थप, थप.

मी गॅस बंद केला. आवाज चालू. आमचा ओटा मोकळा होता, परात मांडणीवर पालथी. मी कारण शोधायला लागलो. वरच्या टाकीत पाणी चढत असेल, म्हणून पंप बंद केला. भिंतीला कान लावला. भिंतीपलीकडे शांतीलालजी राहतात, त्यांच्याकडे फुलके होतात, मंजूभाभी लाटतात, थापत नाहीत. तरी मी जाऊन विचारलं. "भाकरी? हमारे यहाँ? नहीं भाईसाब," म्हणून भाभींनी मलाच चार फुलके बांधून दिले. परत आलो तर घर शांत. निघताना मी "येतो गं" म्हणालो. फ्रीज तेवढा घरघरला.

मनाचे खेळ, मी ठरवून टाकलं. एकट्या माणसाला असं होतं, मी वाचलं आहे.

शुक्रवारी सकाळी नूतनचा फोन आला. बोलता बोलता ती थांबली. "बाबा, मागे कोण भाकरी करतंय?"

मी ओट्याकडे पाठ करून उभा होतो. वळलो नाही.

"बाई लावली का स्वयंपाकाला? केव्हापासून? मला सांगितलं नाहीत!" तिच्या आवाजात इतका आनंद होता की मला नाही म्हणवेना.

"कालपासून," मी म्हणालो.

"बरं केलंत." मग म्हणाली, "आवाज किती आईसारखा येतोय हो." आणि फोनवरच रडायला लागली. मी पण रडलो. थपथप चालूच होती. म्हणजे मनाचे खेळ नव्हते, दोन माणसांच्या मनात एकच खेळ एका वेळी होत नाही.

त्या भीतीपोटीच मी तिला म्हटलं, "रविवारी येतो मी पुण्याला. तिकीट काढ."

"खरंच? कायमचे?"

"कायमचा."

"मी स्टेशनवर येते," ती म्हणाली, नाक ओढत. "खोलीला पिवळा रंग देते. आईला आवडायचा तो."

फोन ठेवल्यावर मी खुर्ची ओढून बसलो आणि तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. यंत्राचा ऐकतो तसा. सुलक्षणा आठ-दहा थापा मारायची, थांबायची, भाकरी फिरवायची, पिठी घ्यायची, मग पुन्हा. मधे बांगड्या वाजायच्या. हे जे कोणी होतं ते थांबत नव्हतं. फिरवत नव्हतं, पिठी घेत नव्हतं. भाकरी कधी पाहिलीच नाही, नुसता आवाज ऐकून शिकलेल्यासारखं एकसारखं थापत होतं.

शनिवारी बॅग भरली. मागच्या दाराची वरची कडी लावायला गेलो. मी पाच फूट नऊ इंच, तरी तिथे हात उंच करावा लागतो. सुलक्षणा माझ्या खांद्याला लागायची, ती पाटावर चढून लावायची आणि रोज मला बोलायची, कसली मेली उंच कडी बसवलीय. हात वर केलेला तसाच राहिला. मला सरायचं दार आठवलं. त्या चार बोटांकडे पाहताना मी मान वर केली होती. मान वर केली होती हे मला तीन दिवस आठवलंच नव्हतं. बोटं माझ्या डोक्याच्या वर होती. या कडीच्याही वर.

मी पाट आणला, त्यावर उभा राहिलो आणि दाराच्या कडेला चार बोटं टेकवून पाहिली. तेव्हा कुठे उंची जमली. मग पाट जागेवर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर शांतीलालजींच्या ओट्यावर बसून राहिलो.

६

रविवारी सकाळी सहालाच फोन वाजला. झुलालआबा.

"साहेब, पाय कितला नंबरना तुमना?"

"नऊ."

पलीकडे कबुतरं घुमत होती, म्हणजे ते सरायच्या अंगणातून बोलत होते.

"आज सराय झाडाले उनू," ते म्हणाले. "प्रेमराजन्या चपलास्ना बाजूले जागा करेल शे. बठ्ठ्या चपला सरकाडेल शेतस. एक जोड मावी इतली जागा."

"तुम्ही केली असेल."

"मी कशाले करसू?" मग अगदी हळू विचारलं, "त्या दिन तुम्ही म्हनात ना साहेब? जातो म्हनात ना?"

"नाही आबा," मी म्हणालो. "ओठ हलवले नुसते. आज मुलीकडे पुण्याला निघालोय."

मग ते म्हणाले, "मंग पोरकडे जा भाऊ. दूर जा. इकडे येऊ नका. मनं आयका." आणि फोन ठेवायच्या आधी, "मना भाऊले बी मी हाईच सांगं व्हतं."

गाडी दहाची होती. मी सगळं रीतसर केलं. गॅसचा कॉक बंद, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, फ्रीज रिकामा करून त्याचं बटण बंद. सुलक्षणाचा फोटो कपड्यांत गुंडाळून बॅगेत ठेवला. हे करताना मी स्वतःशी वाद घालत होतो, आणि मी हरत होतो.

ती सुलक्षणा नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे, उंची मोजली आहे मी. तिकडे जे आहे ते भाकरी थापत नाही, थापायचा आवाज करतं. मला त्याची भीती वाटते. पण त्या उंच बोटांच्या मागे, आतल्या दाराआड, ती बसलेली नसेलच असं मी लेखी देऊ शकत नाही. नूतनने खोली पिवळी केली आहे, पोर स्टेशनवर येणार आहे, तेही ठाऊक आहे. पण नूतनला 'येतो' म्हटलं ते परवा. 'तासाभरात येतो' हे त्याच्या आधीचं आहे. आणि खरं सांगायचं तर, रोज बंद दाराला येतो म्हणून म्हणून मी थकलो होतो. कोणीतरी ते ऐकून घेतलं होतं. जागा करून ठेवली होती.

साडेनऊला दारात रिक्षा आली. बॅग ठेवताना रिक्षावाल्याने विचारलं, "काका, रेल्वे स्टेशन ना?"

मी उत्तर देणार तेवढ्यात फोन वाजला. नूतन.

"निघालात का बाबा?"

"निघालो."

"खाल्लंत काही? पाण्याची बाटली घेतली?"

"घेतली."

"मी स्टेशनवर येते हं. प्लॅटफॉर्मवरच थांबा, जिना चढू नका. येते मी."

"हं," मी म्हणालो.

माझ्या तोंडून निघालेला तो हुंकार मला चांगला ओळखीचा होता. मास्कमधून आला होता अगदी तसाच. तेव्हा मला वाटलं होतं, ती वाट बघेन म्हणतेय. आपण थांबणार नाही हे ठाऊक असलेलं माणूसही तसंच हं म्हणतं.

फोन बंद करून खिशात ठेवला. "स्टँड," मी रिक्षावाल्याला सांगितलं. "चोपड्याची गाडी धरायचीय."

मग कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि रोजच्यासारखा दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

"जातो," मी म्हणालो.

आतून काही आवाज आला नाही. फ्रीज मी सकाळीच बंद केला होता.